एनडीपीएसमधील शिक्षेविरुद्धचे अपील आणि पंचनाम्यातले वजन

दहा वर्षे सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी एक वर्ष कैद: अमली पदार्थांच्या खटल्यातील निकालपत्राचे शेवटचे पान बहुतेक वेळा असेच असते. ते हातात घेऊन आलेले नातेवाईक विचारतात, 'वकीलसाहेब, पहिलाच गुन्हा आहे, घरात कमावणारा हा एकटाच आहे, हायकोर्ट शिक्षा थोडी कमी करणार नाही का?' प्रश्न साधा आणि माणसाला पडावा असाच आहे, परंतु गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे नुसते 'एनडीपीएस' म्हणतात, त्या कायद्यात या प्रश्नाला फारशी जागाच ठेवलेली नाही. कैदी कोण आहे यापेक्षा त्याच्याकडे किती सापडले यावर हा कायदा उभा आहे. म्हणून शिक्षेविरुद्धच्या अपिलाचे काम हाती घेतले की मी निकालपत्राच्या आधी जप्ती पंचनामा वाचतो.

२००१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि शिक्षेची तीन पायऱ्यांत विभागणी झाली: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधले. कोणत्या पदार्थाचे किती वजन कोणत्या पायरीवर बसते, ते केंद्र सरकारच्या १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत दिलेले आहे. गांजासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा १ किलो आणि व्यापारी प्रमाणाची २० किलो आहे. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मुंबई-पुण्याच्या खटल्यांत अलीकडे सतत दिसणाऱ्या मेफेड्रोनसाठी, म्हणजे 'एमडी'साठी, ती २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहे. गांजाचे प्रमाण अल्प असेल तर कमाल शिक्षा एक वर्ष, मधले असेल तर कमाल दहा वर्षे आणि किमान काहीच नाही. व्यापारी असेल तर मात्र किमान दहा वर्षे आणि कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. मधल्या पायरीवरच्या आरोपीला न्यायाधीश तीन वर्षे देऊ शकतात, पाच देऊ शकतात. एक पायरी वर गेले की दहाच्या खाली येण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.

आणि हा अधिकार जसा सत्र न्यायाधीशांना नाही, तसाच तो अपील ऐकणाऱ्या न्यायालयालाही नाही. नातेवाइकांच्या पचनी पडायला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच. कायद्याने ठरवलेल्या किमान शिक्षेच्या खाली उच्च न्यायालय दयाबुद्धीने जाऊ शकत नाही, मग आरोपी विशीतला असो, आजारी असो की त्याच्यावर चार माणसे अवलंबून असोत. व्यापारी प्रमाणासाठी दहाच वर्षे झाली असतील, तर 'केवळ शिक्षेपुरते अपील' या शब्दांना व्यवहारात काही अर्थ राहत नाही. तिथे दोषसिद्धीवरच बोलावे लागते, किंवा निदान प्रमाणाची पायरी तरी चुकीची धरली आहे हे दाखवावे लागते. विशेष न्यायालयाने पंधरा किंवा अठरा वर्षे दिली असतील तर गोष्ट वेगळी. किमानपेक्षा अधिक शिक्षा देताना शस्त्राचा वापर, अल्पवयीन मुलांचा वापर, शाळा-कॉलेजच्या परिसरातला गुन्हा, संघटित टोळीशी संबंध यांसारख्या बाबी विचारात घेता येतील, असे कलम ३२-ब सांगते, आणि यांपैकी एकही बाब नसताना शिक्षा का वाढवली, हा प्रश्न अपिलात रास्तपणे विचारता येतो. पण हा प्रश्न म्हणजे हुकमी पत्ता नव्हे. गुरदेव सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०२१ च्या निकालात आरोपीकडे १ किलो हेरॉइन, म्हणजे व्यापारी मर्यादेच्या चौपट माल होता. गरिबी, पहिला गुन्हा, घरातला एकमेव कमावता ही सगळी कारणे मांडूनही सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांची शिक्षा कायम ठेवली, आणि कलम ३२-ब मधील यादी परिपूर्ण नसून जप्त मालाचे प्रमाण हेही शिक्षा वाढवण्याचे योग्य कारण ठरू शकते, असे स्पष्ट केले.

सारा रोख असा वजनावर येतो, आणि वजन हे न्यायालयात नव्हे तर रस्त्याकडेला, एसटी स्टँडच्या मागे किंवा टोलनाक्याजवळ, रात्री-बेरात्री, पोलिसांनी सोबत आणलेल्या वजनकाट्यावर झालेले असते. विधी सेवा समितीमार्फत आलेल्या एका अपिलात पंचनाम्यात 'खाकी रंगाच्या चिकटपट्टीने गुंडाळलेली अकरा पाकिटे, एकूण वजन २१ किलो ४०० ग्रॅम' असे लिहिलेले होते. पाकिटांच्या वेष्टनाचे वजन कुठेच वेगळे केलेले नव्हते, आणि ज्या दोन गोण्यांत ती पाकिटे होती त्या वजनाच्या वेळी काट्यावर होत्या की बाजूला ठेवल्या होत्या, हे पंचाला उलटतपासात सांगता आले नव्हते. व्यापारी प्रमाण म्हणजे अधिसूचित मर्यादेपेक्षा अधिक, ही कायद्यातली व्याख्या नीट वाचली की लक्षात येते की नेमका २० किलो गांजासुद्धा व्यापारी प्रमाण होत नाही. तेव्हा तिथे सारा वाद १ किलो ४०० ग्रॅमचा होता, आणि त्या १ किलो ४०० ग्रॅमवर किमान दहा वर्षे अवलंबून होती. खालच्या न्यायालयातल्या वकिलाने उलटतपासात गोणीचा प्रश्न विचारून ठेवला होता म्हणून अपिलात त्यावर बोलता आले. जो प्रश्न खटल्यात विचारलाच गेला नाही, तो उच्च न्यायालयात पहिल्यांदा उभा करणे फार अवघड जाते.

गांजाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे कॅनाबिसच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात मात्र अनेकदा 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला ओलसर पाला' असे वर्णन असते आणि सगळ्याचे मिळून एकच वजन दिलेले असते. शेंडे किती आणि काड्या किती हे वेगळे का केले नाही, हा मुद्दा मर्यादेच्या थोड्याच वर असलेल्या प्रकरणात धार धरतो. चाळीस-पन्नास किलोंच्या प्रकरणात त्याला कोणी भीक घालत नाही, आणि घालूही नये. 'ओलसर' हा शब्दही सोडून देण्यासारखा नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे केलेल्या मोजणीत वजन घटलेले दिसले तर सरकारी पक्ष ते वाळल्यामुळे घटले असे म्हणतो, आणि ते स्पष्टीकरण पंचनाम्यातल्या वर्णनाशी जुळते का, हे तपासावे लागते. पावडरच्या प्रकरणांत मात्र एक दार आता बंद आहे. पूर्वी मिश्रणातल्या शुद्ध अमली पदार्थाचेच वजन धरा, असा युक्तिवाद चालत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालाने मिश्रणातील निष्क्रिय पदार्थासह संपूर्ण वजन धरायचे, असे ठरवून टाकले. तरीही दहा पुड्यांतली पावडर आधी एकत्र ओतून मग त्यातून नमुना काढला असेल, तर दहाही पुड्यांत अमली पदार्थच होता हे कशावरून, हा प्रश्न जिवंत राहतो.

वजनाची बेरीज हाही एक स्वतंत्र विषय आहे. एकाच बसमधून उतरलेल्या दोन बायका, प्रत्येकीच्या पिशवीत अकरा किलो. बेरीज बावीस, म्हणून दोघींनाही व्यापारी प्रमाणाची शिक्षा. कट किंवा संगनमत सिद्ध झाले असेल तर कलम २९ खाली अशी बेरीज करता येते. परंतु दोघींची ओळख, एकत्र काढलेले तिकीट, एकमेकींना केलेले फोन यांपैकी काहीच पुराव्यात नसेल, आणि निकालपत्रात संगनमतावर फक्त 'आरोपींनी संगनमताने' एवढे दोनच शब्द असतील, तर अपिलाचा खरा मुद्दा तोच. प्रत्येकीचा माल वेगळा धरला की दोघीही मधल्या पायरीवर येतात आणि मग वय, लहान मुले, पहिला गुन्हा, माल कोणासाठी वाहून नेत होत्या, या सगळ्या गोष्टींना अचानक किंमत येते. दया मागायची तर आधी दया दाखवण्याचा अधिकार असलेल्या पायरीवर न्यायालयाला आणावे लागते, असा हा उलटा क्रम आहे.

प्रक्रियेतल्या त्रुटींबद्दल थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे निकाल वाचून आलेल्या लोकांच्या अपेक्षा वाटेल तेवढ्या वाढलेल्या असतात. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याच्या हक्काची जाणीव आरोपीला करून देणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे, आणि २०१० च्या विजयसिंह जडेजा निकालात घटनापीठाने त्याचे काटेकोर पालन हवे असे सांगितले आहे. मात्र हे कलम अंगझडतीला लागू होते. हातातल्या पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत माल सापडला तर त्याचा आधार मिळत नाही. गुप्त माहिती लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवण्याच्या कलम ४२ बाबत २००९ च्या करनैल सिंग निकालाने थोडी लवचीकता दिली: समाधानकारक स्पष्टीकरणासह झालेला विलंब चालू शकेल, पण मुळीच पालन न करणे चालणार नाही. कलम ५२-अ, म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने, याबाबत तर गेल्या काही वर्षांत अनेक जण निर्दोष सुटले. परंतु जानेवारी २०२५ मधील भारत आंबळे निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ या कलमाचे पालन झाले नाही म्हणून खटला कोसळत नाही, बाकीचा पुरावा विश्वासार्ह आहे का ते पाहावे लागेल. तक्रारदार आणि तपास अधिकारी एकच असल्याचा मुद्दाही २०२० च्या मुकेश सिंग निकालानंतर एकट्याने पुरेसा राहिलेला नाही.

मग हाती काय उरते? उरते ती साखळी. माल जप्त झाला तेव्हा लावलेल्या लाखेच्या मोहोरेचा ठसा, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीतली नोंद, नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेलेल्या शिपायाची नोंद आणि रासायनिक विश्लेषण अहवालात लिहिलेले 'मोहोर शाबूत, नमुन्याशी जुळते' हे वाक्य, अशी कागदांची ओळ एकापाठोपाठ एक लावून बघायची. जप्तीनंतर बारा दिवस नमुना कोठे होता, याचे उत्तर देणारा साक्षीदारच तपासलेला नसेल, तर ती उणीव 'तांत्रिक' म्हणून झटकता येत नाही, कारण ज्या पुडीची तपासणी झाली ती याच आरोपीकडची होती, हेच मग संशयास्पद ठरते. त्याचप्रमाणे आरोपीच्या कबुलीजबाबावर दोषसिद्धी उभी असेल, तर ऑक्टोबर २०२० चा तोफान सिंग निकाल पाहायचा: कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नाही. त्यापूर्वीच्या खटल्यांतली बरीच अपिले अजून प्रलंबित आहेत, त्यांना याचा थेट उपयोग होतो.

अपील दाखल करण्याचे तंत्र त्या मानाने सोपे आहे. एनडीपीएसचे विशेष न्यायालय अपिलापुरते सत्र न्यायालयासारखे मानले जाते, म्हणून अपील थेट उच्च न्यायालयात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ खाली जाते. मुदत शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस, त्यात निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेले दिवस धरले जात नाहीत. कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळते. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि आरोपी तुरुंगात असेल तर न्यायालये त्याकडे सहसा सहानुभूतीने पाहतात. वकील लावण्याची ऐपत नसलेल्यांसाठी कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवण्याची सोय आहे, आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिला आहे. घर गहाण टाकून वकिलाची फी भरण्यापूर्वी निदान हा अर्ज तरी करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, माझ्या व्यवसायबंधूंना ते आवडो वा न आवडो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाल्याने कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या अपिलांसाठी मुंबईच्या फेऱ्या टळल्या आहेत. कळंबा कारागृहातल्या कैद्याच्या आईसाठी ही गोष्ट लहान नाही.

अपील दाखल होऊन सुनावणीसाठी स्वीकारले गेले की लगेच शिक्षा स्थगित होऊन माणूस घरी येईल, अशीही एक समजूत आढळते. इतर गुन्ह्यांत हे बऱ्यापैकी खरे असते. एनडीपीएसमध्ये कलम ३२-अ ने शिक्षा स्थगितीचा मार्गच बंद केला होता. महाराष्ट्रातल्याच दादू ऊर्फ तुळशीदास या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने, अपिलीय न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार काढून घेण्यापुरते हे कलम घटनाबाह्य ठरवले. सरकारकडून शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीवरची बंदी मात्र तशीच राहिली. स्थगितीचा अधिकार परत आला खरा, पण तो कलम ३७ च्या अटींसह: प्रमाण व्यापारी असेल तर आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करण्याची शक्यता नाही, या दोन्ही बाबींबद्दल न्यायालयाचे समाधान व्हावे लागते. ज्याला साक्षीपुराव्यानंतर दोषी ठरवले आहे त्याच्याबद्दल असे समाधान व्हायचे तर निकालातील चूक निकालपत्राच्या पृष्ठभागावरच दिसावी लागते. मधल्या प्रमाणाच्या प्रकरणांना, कलम २७-अ (अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणे) सारख्या मोजक्या गुन्ह्यांचा अपवाद सोडल्यास, हा अडथळा नाही. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो दुसरा मुद्दा, म्हणजे काळ. अपील नजीकच्या काळात सुनावणीच्या यादीवर, म्हणजे बोर्डावर, येण्याची शक्यता नाही आणि शिक्षेचा मोठा भाग भोगून झाला आहे, असे दाखवल्यावर न्यायालये घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, आधार घेऊन स्थगिती देतात. म्हणून कारागृहाकडून भोगलेल्या शिक्षेचा दाखला मागवणे हे कोरडे वाटणारे काम आधी करून ठेवावे. त्यात खटला चालू असतानाची कोठडीही धरलेली असते, कारण ती शिक्षेतून वजा होते.

दंडाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. एक लाखाच्या खाली दंड येत नाही आणि दोन कलमांखाली दोषी ठरवले असेल तर दंडही दोन असू शकतात; दहा वर्षे भोगून झाल्यावर केवळ हे पैसे नाहीत म्हणून आत राहिलेली माणसे असतात. दंड न भरल्याबद्दलची कैद किती असावी, हे मात्र किमान शिक्षेने बांधलेले नाही. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००७ च्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा तशीच ठेवून दंडाऐवजीची तीन वर्षांची कैद सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली. ज्या अपिलात बाकी कुठेच जागा नाही, तिथेही ही मागणी अपिलाच्या मेमोत, म्हणजे मूळ अर्जात, पहिल्या दिवसापासून असावी; ती ऐन युक्तिवादाच्या वेळी सुचणे बरे नव्हे.

अपिलाने शिक्षा वाढण्याची भीती काही जण बोलून दाखवतात. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात ती वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते किंवा उच्च न्यायालयाने स्वतःहून नोटीस काढावी लागते, आणि दोन्ही वेळा आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. पण निकालानंतर सरकारचे असे अपील आले आहे का, हे तपासल्याशिवाय 'काही होणार नाही' असे घरच्यांना सांगू नये. स्थगितीवर बाहेर असलेल्याला आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितलेली बरी: अपील फेटाळले गेले तर त्याला हजर व्हावे लागते, आणि बाहेर काढलेला काळ, तो चार वर्षांचा असला तरी, शिक्षेत मोजला जात नाही. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज करण्यास उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस मिळतात, मात्र तिथे पंचनाम्यातल्या गोणीचे वजन नव्याने कोणी करत बसत नाही, त्यामुळे ते जे काही सांगायचे ते उच्च न्यायालयातच सांगून झालेले असावे लागते.